वर्षभर मान न हलवता शिकलेलं जिझेल

दोन वर्षांपूर्वी आईच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅस भरला आणि डॉक्टरांनी सांगितलं आता आठ दिवस पालथं झोपायचं, जेवताना आणि बाथरूमला जातानाही मान खालीच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई उशीत तोंड खुपसून म्हणाली, "अगं, पाच मिनिटं खिडकीतून बाहेर बघू दे ना." मी नाही म्हटलं, मग ती माझ्याशी बोलेना. तिचा वेळ जावा म्हणून मी मोबाईलवरून काहीबाही वाचून दाखवायचे, त्यात डोळ्याच्या पडद्याबद्दल शोधता शोधता मी एका क्यूबन नर्तकीपाशी पोचले आणि तिथेच अडकले, ते अजून पुरतं सुटलेलं नाही.

अलिसिया अलोन्सो. बॅलेवाल्यांना हे नाव सांगावं लागत नाही, पण आपल्याकडे बॅले म्हणजे पांढरा फ्रॉक आणि रशिया एवढंच डोक्यात असतं, त्यामुळे सांगते. आठ दिवसांचं सोडा, या बाईला वर्षभर पडून राहायला सांगितलं होतं, आणि उठल्यावर काही महिन्यांतच ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये जिझेल नावाचं अख्खं बॅले नाचली. तिच्याबद्दल "अंधत्वावर मात" टाईप लिहिलेलं भरपूर मिळतं आणि ते वाचून मला दरवेळी थोडा वैताग येतो, कारण मात बित काही नाही, डोळे तिचे शेवटपर्यंत गेलेलेच होते. प्रश्न वेगळा आहे. नाचणाऱ्या माणसाचे डोळे गेले तर नेमकं काय काय जातं, त्याच्या जागी काय बसवावं लागतं, आणि अशी बाई पुढे शिकवायला लागली की त्या शिकवण्याचं काय होतं. हे सगळं एका माणसात बघायला मिळतं म्हणून हे प्रकरण.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म २१ डिसेंबर १९२०, हवाना. वडील सैन्यात जनावरांचे डॉक्टर. १९३१ मध्ये हवानात प्रो-आर्ते म्युझिकाल नावाच्या संस्थेने बॅलेचा क्लास सुरू केला, शिकवायला निकोलाय याव्होर्स्की नावाचा रशियन. ही संस्था चांगल्या खात्यापित्या घरातल्या बायकांची, आणि मुलींनी बॅले शिकायचा तो चाल सुधारावी, पोक काढू नये म्हणून, व्यवसाय करायला कोण पाठवतंय. आपल्याकडे कितीतरी घरांत मुलीने लग्न होईपर्यंत क्लासला जायला हरकत नसायची ना, तसंच. त्या क्लासमध्ये ही दहा-अकरा वर्षांची पोरगी गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्टेजवर उभी राहिली.

पुढचं फार भराभर घडलं. त्याच क्लासमध्ये फर्नांडो अलोन्सो आणि त्याचा भाऊ अल्बर्टो शिकत होते, त्यांची आई लॉरा रायनेरी ही प्रो-आर्तेची अध्यक्ष. फर्नांडो न्यूयॉर्कला गेला, पाठोपाठ अलिसिया गेली, १९३७ मध्ये लग्न, वय १६. १९३८ मध्ये मुलगी झाली, तिचंही नाव आजीचंच, लॉरा. मुलगी झाल्यावर नाच सुटला असं नाही झालं, ब्रॉडवेच्या म्युझिकल्समध्ये कोरसमध्ये नाचली, एकीकडे मिळेल तिथे क्लास केले आणि १९४० मध्ये नव्या निघालेल्या बॅले थिएटर कंपनीत लागली. आज जिला अमेरिकन बॅले थिएटर म्हणतात तीच ही कंपनी.

त्या काळात बॅलेत नाव काढायचं तर नाव रशियन असायला लागायचं, हा जोक नाही. ज्या अलिसिया मार्कोव्हाच्या जागी आपली अलिसिया पुढे नाचली ती मूळची लंडनची लिलियन मार्क्स, आणि तिचा जोडीदार अँटन डोलिन हा जन्माने पॅट्रिक हीली-के. क्यूबन मुलीने लग्नानंतरचं स्पॅनिश आडनाव ठेवूनच वर चढणं हेच त्यामुळे तेव्हा नवीन होतं.

आणि १९४१ मध्ये ती धडपडायला लागली. कोपऱ्यातलं फर्निचर लागायचं, बाजूने येणारा माणूस दिसायचा नाही. वय वीस. तपासलं तर दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटायला लागलेले.

भिंतीला ओल आली की रंगाचा पोपडा सुटतो बघा, डोळ्याच्या मागच्या भिंतीवर हा पडदा, म्हणजे रेटिना, तसाच चिकटलेला असतो आणि तसाच सुटतो. आता लेझर आहे, गॅस आहे, तेल भरतात. तेव्हा यातलं काही नव्हतं. बाहेरून चटका देऊन आतल्या बाजूला व्रण तयार करायचा, त्या व्रणाने पडदा धरून ठेवावा अशी आशा करायची, आणि पेशंटने अजिबात हलायचं नाही. हे "अजिबात" शब्दशः घ्या. पहिल्या ऑपरेशननंतर काही महिने पडून राहिली, पडल्या पडल्या चादरीखाली पावलं ताणत राहिली म्हणजे पाय मरू नयेत. उठून नाचायला गेली, परत तेच झालं, दुसरं ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बाजूची नजर आता परत येणार नाही. तिसरं ऑपरेशन हवानात, आणि त्यानंतर एक वर्ष बिछाना. मान हलवायची नाही, जोरात हसायचं नाही, रडायचं नाही, घास जोरात चावायचा नाही, आणि तीन-चार वर्षांच्या लॉराशी खेळायचं नाही. पायसुद्धा ताणायचे नाहीत, यावेळी तेही बंद.

हे वाचून दाखवलं तेव्हा आई उशीतून म्हणाली, "मग केलं काय तिने वर्षभर?"

हाच या प्रकरणाचा गाभा. फर्नांडो रोज शेजारी बसायचा आणि तिला जिझेल शिकवायचा, बोटांनी. दोन बोटं म्हणजे दोन पाय. ही एन्ट्री, इथे वळायचं, इथे जिझेलचा प्रियकर अल्ब्रेख्त उजवीकडून येतो, इथे त्याच्या हाताखालून निघायचं. तिनेही मग आपल्या बोटांनी तेच करायचं, हात जागेवर ठेवून, मान स्थिर. आणि मनात अख्खं स्टेज उभं करायचं, संगीत लावायचं आणि नाचून घ्यायचं. एकदा नाही, रोज.

मी कॉलेजला असताना तीन वर्षं कथक केलं, फार काही जमलं नाही ते सोडा, पण आमच्या ताईंचं एक वाक्य होतं, "आधी तोंडात बसू दे, मग पायात येईल." म्हणजे पढंत आधी, हातावर टाळी धरून बोल म्हणायचे, चुकले की परत. तेव्हा कंटाळा यायचा आणि वाटायचं नाचू तरी द्या. त्यामुळे बोटांचा हा प्रकार वाचला तेव्हा तो मला चमत्कार वगैरे वाटला नाही, ही पद्धत आहे, बॅलेवालेही रिहर्सलला थकले की हातांनी स्टेप्स दाखवत मार्किंग करतात. फरक एवढाच की बाकीच्यांसाठी मार्किंग ही सोय असते, हिच्याकडे वर्षभर तेवढंच होतं. त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली, जो रोल इतर जणी आरशासमोर, स्वतःला बघत बघत बसवतात तो हिने न बघता बसवला. आरसा नाही, शरीरही नाही, फक्त क्रम, दिशा, अंतर आणि वेळ. नंतर डोळे गेले तरी रोल राहिला याचं कारण मला यातच दिसतं, तो डोळ्यांवर कधी उभाच नव्हता.

बिछान्यातून उठल्यावर तिला कुत्र्यांना फिरवण्यापुरती परवानगी होती. ती फिरवायला निघायची आणि डॉक्टरांना न सांगता जवळच्या स्टुडिओत जाऊन प्रॅक्टिस करायची. मग हवानात चक्रीवादळ आलं आणि घरातलं काचेचं दार फुटून तिच्या अंगावर पडलं, डोळ्यांना काही झालं नाही, आणि डॉक्टर म्हणाले एवढं होऊन पडदा जागेवर आहे तर मग नाच. ही गोष्ट तिच्याबद्दलच्या बहुतेक लिखाणात येते. डॉक्टरांचं लॉजिक मला फारसं वैद्यकीय वाटत नाही, पण परवानगी ती परवानगी.

१९४३. ती न्यूयॉर्कला परतली, थोड्याच दिवसांत मार्कोव्हा आजारी पडली, तिकिटं विकलेली, जिझेल कोण करणार. बाकीच्यांना मार्कोव्हाच्या जागी उभं राहायची भीती. अलिसिया हो म्हणाली. २ नोव्हेंबर १९४३, मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊस, जोडीदार अँटन डोलिन.

जिझेल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावातली साधी मुलगी, हृदय नाजूक, नाचायची हौस. एक उमराव खेडूत बनून तिच्या प्रेमात पडतो, त्याचं लग्न दुसरीकडे ठरलेलं निघतं, ही वेडी होते आणि मरते. दुसऱ्या अंकात ती विली झालेली असते, म्हणजे लग्नाआधी फसवल्या गेलेल्या मुलींची भुतं, रात्री जंगलात येणाऱ्या पुरुषाला दमून मरेपर्यंत नाचवणारी. जिझेल त्याला पहाटेपर्यंत तगवते. पॅरिस, १८४१ चा बॅले. आता बघा, पहिल्या अंकात ती गर्दीत, खुर्च्या-टेबलांमध्ये, धावतपळत नाचते, वेड्याच्या सीनमध्ये तर सगळीकडे आपटत फिरते. दुसऱ्या अंकात जवळजवळ वजन नसल्यासारखी. बाजूचं दिसत नसलेल्या बाईने पहिला अंक करणं जास्त अवघड की दुसरा, यावर मी बराच विचार केलाय. मला वाटतं दुसरा, कारण तिथे संथ हालचालीत एका पायावर तोलून उभं राहायचं असतं आणि तोल सांभाळायला डोळे लागतात.

पटत नसेल तर आत्ता स्वयंपाकघरात उभं राहून एक पाय उचला आणि डोळे मिटा. मी चार सेकंदांत मसाल्यांच्या डब्यांवर जाऊन आदळले. आपल्याला वाटतं तोल कानात असतो, असतोच, पण अर्धं काम डोळे करत असतात, भिंतीच्या रेघा बघून. आणि गिरक्यांचं तर आणखी अवघड, बॅलेत गिरकी घेताना नजर समोरच्या एका ठिपक्यावर ठेवतात, अंग वळतं, मान शेवटच्या क्षणी झटक्यात फिरून परत त्याच ठिपक्यावर येते, म्हणून चक्कर येत नाही. ठिपकाच नसेल तर?

म्हणून ठिपके तयार केले. स्टेजच्या पुढे आणि बाजूला वेगवेगळ्या रंगाचे जोरदार दिवे लावायचे, त्या रंगाच्या धुरकट डागावरून तिला कळायचं आपण कुठे आहोत आणि तोंड कुठे आहे. स्टेजच्या कडेला कमरेच्या उंचीवर बारीक तार, म्हणजे ती लागली की पुढे ऑर्केस्ट्राचा खड्डा. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे जोडीदार. इगोर युस्केव्हिच तिचा नेहमीचा पार्टनर झाला, आणि त्याने आणि पुढच्या सगळ्यांनी एकच शिस्त पाळली, जिथे असायचं ठरलंय तिथेच असायचं, वीतभरही इकडे तिकडे नाही. तो हलक्या आवाजात सांगायचा, हात कुठे धरायचा त्याचा इशारा ठरलेला. प्रेक्षकांना यातलं काही कळायचं नाही. उलट लोकांना ती जोडी फारच प्रेमात वाटायची, दोघं एकमेकांपासून दूर जातच नाहीत!

मला या सगळ्यात "जिद्द" कमी आणि इंजिनियरिंग जास्त दिसतं. जिद्द होतीच हो, पण नुसती जिद्द असलेली माणसं खड्ड्यात पडतात.

आणि ही काही सहानुभूतीवर चाललेली करिअर नव्हती. १९४७ मध्ये जॉर्ज बॅलनशिनने तिच्यासाठी आणि युस्केव्हिचसाठी थीम अँड व्हेरिएशन्स रचलं, ते आजही चांगल्या डोळ्यांच्या नर्तिकांना घाम फोडतं, इतकं वेगवान आणि स्वच्छ पावलांचं काम आहे.

१९४८ मध्ये बॅले थिएटरची पैशांची तंगी झाली आणि काम थांबलं. अलिसिया, फर्नांडो आणि अल्बर्टो यांनी त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला हवानात स्वतःची कंपनी उभी केली, नाव बॅले अलिसिया अलोन्सो, आणि त्यात नाचणारे बरेचसे न्यूयॉर्कचे रिकामे बसलेले कलाकार. क्यूबाची कंपनी आणि क्यूबन माणसंच कमी. म्हणून १९५० मध्ये शाळा काढली. माझ्या मते तिच्या आयुष्यातला मोठा निर्णय जिझेल नव्हे, हा आहे.

शाळेत शिकवायचं काय हा प्रश्न होता, कारण तयार पद्धती रशियन, इटालियन, फ्रेंच, इंग्लिश, डॅनिश, आणि मुलं क्यूबाची, म्हणजे रुंबा आणि सोन या तिथल्या नाचांवर वाढलेली. फर्नांडोने या सगळ्या पद्धती उघडून बघितल्या, शरीररचना शिकला, कुठला व्यायाम कुठल्या स्नायूला कशासाठी हे लावून बघितलं, आणि अलिसिया स्वतः त्या प्रयोगाचं शरीर झाली. त्यातून आलेल्या पद्धतीला आज क्यूबन मेथड म्हणतात. ओळखायची कशी? गिरक्या भरपूर आणि शेवटी संथ होत थांबणाऱ्या, पायाच्या टोकावर लांबलचक बॅलन्स, बायकांचं नाचणं बायकी आणि पुरुषांचं पुरुषी असा उघड फरक, आणि जोडीत नाचताना एकमेकांकडे खरंच बघणं. तोल, गिरकी आणि जोडीदार, हीच तीन ठिकाणं जिथे हिचे डोळे कमी पडत होते. तिने मुद्दाम असं केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीवर तुम्ही पंधरा वर्षं रोज डोकं घातलंय ती तुम्हाला बाकीच्यांपेक्षा बारीक शिकवता येते, एवढं तर कुठलाही क्लास घेणारा माणूस सांगेल.

मधे राजकारण. बातिस्ता या हुकूमशहाचं सरकार होतं, अनुदानाच्या बदल्यात कंपनी सरकारची जाहिरात करायला लागेल अशी चिन्हं दिसायला लागली, तिने नकार दिला, १९५६ मध्ये पैसे बंद. विद्यार्थी संघटनेने युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये तिच्यासाठी कार्यक्रम केला, प्रचंड गर्दी, आणि त्यानंतर बातिस्ता जाईपर्यंत ती क्यूबात नाचली नाही. बाहेर मात्र नाचत होती, १९५७-५८ मध्ये सोव्हिएत रशियात गेली, बॅलेच्या माहेरी, जिथे अमेरिका खंडातून कुणाला बोलवायची पद्धतच नव्हती. १९५९ मध्ये क्रांती झाली. फिडेल कॅस्ट्रो एका रात्री अलोन्सोंच्या घरी आला, फर्नांडोला विचारलं कंपनी चालवायला किती लागतील, तो म्हणाला एक लाख डॉलर, आणि मिळाले दोन लाख. १९६० मध्ये कायदा करून कंपनी सरकारी आधारावर आली, बॅले नासिओनाल दे कुबा.

आता शाळेला मुलगे मिळेनात. बॅले करणारा मुलगा म्हणजे काय ते क्यूबात काय आणि कुठे काय, लोक सारखंच बोलतात. फर्नांडो हवानाच्या अनाथाश्रमात गेला आणि तिथून मुलगे निवडून आणले, नको म्हणायला घरी कुणी बाप नव्हता. त्यातलाच एक होर्खे एस्किव्हेल. हा मुलगा मोठा होऊन अलिसियाचा पार्टनर झाला, ती त्याच्याहून तीस वर्षांनी मोठी, तिला त्या वेळेपर्यंत जवळजवळ काहीच दिसत नव्हतं आणि स्टेजवर ती पूर्णपणे त्याच्या हातावर अवलंबून. शिक्षक-विद्यार्थी नात्याचं याहून टोकाचं उदाहरण मला माहीत नाही, आपण घडवलेल्या पोराच्या हातात रोज रात्री आपला जीव द्यायचा.

शाळेचा निकाल लवकर लागला. १९६४ मध्ये बल्गेरियात व्हार्ना इथे आंतरराष्ट्रीय बॅले स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या वर्षापासून क्यूबन मुली पदकं घ्यायला लागल्या. मिर्ता प्ला, होसेफिना मेंडेझ, लोइपा आराउहो आणि आउरोरा बोश, या चौघींना अर्नोल्ड हॅस्केल या ब्रिटिश समीक्षकाने क्यूबाची रत्नं म्हटलं आणि ते नाव चिकटलंच. चौदा वर्षांपूर्वी ज्या देशात कंपनी भरायला माणसं नव्हती तिथली ही गोष्ट. आजही तिथे नवव्या-दहाव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं निवडतात, पाच वर्षं प्राथमिक, तीन वर्षं पुढचं, फी नाही. कार्लोस अकोस्ता, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, याच वाटेने जाऊन लंडनच्या रॉयल बॅलेपर्यंत पोचला.

म्हातारपणी ती कशी शिकवायची हे व्हिडिओंत बघायला मिळतं आणि तो भाग मी आईला चार वेळा वर्णन करून सांगितला. समोर खुर्ची. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, काळा चष्मा, लालचुटूक लिपस्टिक. शेजारी कुणीतरी बसून हळू आवाजात सांगतंय आता कोण कुठे आहे. आणि हिचे हात हवेत, लांब नखांची बोटं चालतायत, वळतायत, टोकावर उभी राहतायत. समोर वीस वर्षांची मुलगी ते हात बघून पाय टाकतेय. बिछान्यातल्या त्या वर्षाची ती बोटं, तीच.

इथपर्यंत ऐकून सगळे टाळ्या वाजवतात. पण प्रकरण म्हणून बघायचं तर दुसरी बाजू टाकून चालणार नाही.

एक म्हणजे तिला थांबता आलं नाही. शेवटचा कार्यक्रम १९९५ मध्ये, वय पंच्याहत्तरच्या आसपास. साठीनंतरचं जिझेल बघणाऱ्यांचे दोन तट होते, काहींना ते अद्भुत वाटायचं आणि काहींना बघवायचं नाही. आणि ती नाचत असताना जो रोल तिचा तो दुसरीला कधी मिळायचा? कंपनीची सूत्रं तर तिने २०१९ मध्ये वारेपर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं सोडली नाहीत, व्हिएन्गसाय वाल्देसला उपसंचालक केलं ते शेवटच्या वर्षी. ज्यांना वाट दिसेना ते गेले. १९६६ मध्ये पॅरिसच्या दौऱ्यावर दहा पुरुष नर्तक परतलेच नाहीत, आणि पुढे दर काही वर्षांनी कुणी ना कुणी दौऱ्यावरून गायब होत राहिलं. पगार, राजकारण, मोकळं काम करायची इच्छा, कारणं बरीच, पण वरची खुर्ची रिकामी होत नाही हेही एक कारण होतंच. शिवाय काळ्या नर्तकांना, विशेषतः मुलींना, मोठे रोल मिळत नाहीत ही तक्रार तिच्या कंपनीबद्दल वर्षानुवर्षं होत राहिली, क्यूबाची लोकसंख्या बघता ती सहज उडवून लावण्यासारखी नाही.

दुसरं, आणि मला जास्त खुपणारं, फर्नांडो. १९७०च्या दशकात मध्यावर त्यांचा घटस्फोट झाला, तिने पेद्रो सिमोनशी लग्न केलं, फर्नांडो हवाना सोडून कामाग्वे शहरात गेला आणि १९९२ पर्यंत तिथली कंपनी चालवली. ज्या पद्धतीवर जगभर क्यूबन मेथड म्हणून पुस्तकी चर्चा होते ती बांधणारा मुख्य शिक्षक तो, हे तिथे शिकलेले बरेच जण सांगतात. पण हवानाच्या मोठ्या थिएटरवर नाव तिचं लागलं, २०१५ पासून ग्रान तेआत्रो दे ला हबाना अलिसिया अलोन्सो. स्टेजवर जो दिसतो त्याचं नाव राहतं, शेजारी बसून बोटं चालवणाऱ्याचं मागे पडतं. याला ती किती जबाबदार आणि जग किती, भांडत बसू शकतो. तो २०१३ मध्ये गेला, ती १७ ऑक्टोबर २०१९ ला. दोघंही ९८ वर्षांचे होऊन.

आईचे आठ दिवस संपले, पडदा चिकटला, आता ती वाचते, शिवते, सगळं करते. मात्र त्या आठ दिवसांत मी एवढं सगळं वाचून दाखवलं, क्रांती झाली, रत्नं झाली, तरी तिचा प्रश्न एकच होता आणि तो तिने सहाव्या दिवशी विचारला.

"त्या पोरीचं काय झालं गं? लॉराचं. आई समोर पडलेली आणि जवळ जायचं नाही."

म्हटलं, ती पण नाचायला लागली, आईच्याच कंपनीत, आणि मग हवानातली नावाजलेली टीचर झाली.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आईजवळ जायला तेवढाच रस्ता होता," आणि उशी सारखी करून मागितली.